एक बॅग, दीड दिवस आणि येवला: पैठणीच्या दुकानांपलीकडचे शहर कसे पाहावे?

मनमाडहून शिर्डीकडे जाणारा रस्ता येवल्यातून जातो आणि नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ताही येवल्यातूनच जातो. त्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावातून रोज हजारो प्रवासी जातात. त्यातले बरेच जण चहाला थांबतात, काही जण रस्त्याकडेच्या दुकानात पैठणी पाहतात आणि पुढे निघतात. 'येवला पाहिले' असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी खरे तर येवल्यातले एखादे दुकानच पाहिलेले असते.

मात्र याच गावातल्या गल्ल्यांमध्ये पैठणी विणली जाते. याच गावातल्या एका परिषदेत १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. १८५७ च्या उठावातले सेनानी तात्या टोपे यांचे जन्मगाव हेच. तालुक्याच्या उत्तर टोकाला एक जोडकिल्ला आहे आणि संक्रांतीला गावातले घर न् घर गच्चीवर असते. हे सगळे पाठीवर एक बॅग घेऊन, एसटी, रेल्वे आणि पायी फिरून, साधारण दीड दिवसात पाहता येते. ते कसे, आणि पाहताना काय समजून घ्यावे, याची ही माहिती.

बॅकपॅकिंग म्हणजे नेमके काय?

पाठीवर मावेल एवढेच सामान, सार्वजनिक वाहनांचा वापर, स्वस्तात मुक्काम आणि ठरीव सहलीऐवजी स्वतः आखलेला मार्ग, या चार गोष्टी जिथे एकत्र येतात त्या प्रवासाला बॅकपॅकिंग म्हणतात. त्याला जगभर बळ मिळाले ते तरुणांसाठीच्या स्वस्त वसतिगृहांमुळे. जर्मनीतले शिक्षक रिचर्ड शिरमान यांना १९०९ मध्ये ही कल्पना सुचली आणि १९१२ मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी वसतिगृह सुरू झाले. ऑस्ट्रेलियासारख्या देशात पुढे या प्रवासाभोवती मोठी व्यवस्था उभी राहिली. मेलबर्नमध्ये शहराच्या मध्यभागी ट्राममध्ये बसायला तिकीट लागत नाही. त्यामुळे दोन दिवसांसाठी आलेला पाहुणाही फारसा खर्च न करता शहर पाहू शकतो.

येवल्यात ट्राम नाही आणि तिची गरजही नाही. जुनी पेठ, विणकरांच्या गल्ल्या, बसस्थानक आणि बाजार हे सगळे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. लहान गावात बॅकपॅकिंग करण्याचा मोठा फायदा हाच, की वाहन शोधण्यात वेळ जात नाही. अडचण वेगळी असते. इथे पाहण्यासारख्या बऱ्याच गोष्टींवर पाटी नसते, त्या विचारून शोधाव्या लागतात.

पोहोचायचे कसे, राहायचे कुठे?

येवला रेल्वे स्थानक दौंड–मनमाड मार्गावर आहे. हा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. मात्र या मार्गावरची प्रत्येक जलद गाडी येवल्यात थांबत नाही, त्यामुळे तिकीट काढण्याआधी थांबा पाहून घ्यावा. मुंबई, भुसावळ किंवा विदर्भाकडून येणाऱ्यांसाठी मनमाड जंक्शनवर उतरून एसटीने येणे सोयीचे. हे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. नाशिकहून निफाड–विंचूर मार्गे सुमारे ८० ते ८५ किलोमीटर, तर शिर्डीहून सुमारे ३० किलोमीटर.

रस्त्याने येणाऱ्याला बहुधा विंचूर चौफुली आधी भेटते. दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात तो हा चौक. रिक्षा, पत्ता, भेटीची जागा, सगळ्याला हीच खूण.

बॅकपॅकर वसतिगृह शोधण्यात इथे वेळ घालवू नये. साधी लॉज मिळतात. ती पसंत पडली नाहीत तर मनमाड किंवा शिर्डीत मुक्काम करून सकाळच्या एसटीने येवल्यात येता येते. सणाच्या दिवसांत मात्र खोली आधी ठरवलेली बरी.

पहिला दिवस, सकाळ: साडीच्या आधी माग पाहा

पैठणीचे नाव पैठणवरून पडले. गोदावरीकाठचे पैठण ही सातवाहनांची राजधानी आणि रेशमी-जरीच्या कापडाची जुनी पेठ. येवल्यात ही कला रुजली आणि वाढली ती कारागीर इथे येऊन स्थिरावल्यामुळे आणि पेशवाईत तिला मोठा ग्राहक मिळाल्यामुळे. राजेरजवाडे गेले तसा हा ग्राहकही गेला आणि माग कमी होत गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी प्रयत्न, लग्नाचा बाजार आणि पुढे दूरचित्रवाणी यांमुळे पैठणीला पुन्हा मागणी आली. घरोघरच्या वहिनींना पैठणी देणारा 'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला आणि ज्यांच्या कपाटात कधी पैठणी नव्हती त्यांनाही ती ओळखीची झाली. आज पैठणीचे नाव पैठणचे असले तरी विणकामाचे मोठे केंद्र येवला आहे. शहराबरोबरच नागडे, वडगाव, बल्हेगाव या जवळच्या गावांतही माग चालतात.

माग पाहायचा तर दुकानातल्या माणसालाच विचारावे. अनेक दुकानदारांचे स्वतःचे किंवा ओळखीतले माग असतात. शहरालगत अंगणगावला शासनाचे पैठणी पर्यटन केंद्रही आहे. गल्लीत शिरल्यावर मागाचा ठक-ठक आवाज ऐकू येतो, पण बहुतेक माग राहत्या घरात असतात. तेव्हा आधी विचारावे, चप्पल बाहेर काढावी आणि फोटो परवानगीनेच काढावा. नक्षी हे विणकराचे भांडवल असते. नव्या नक्षीचा फोटो नको म्हटले तर त्यात वावगे काही नाही.

मागावर काय चालते ते थोडक्यात असे. कच्चे रेशीम प्रामुख्याने कर्नाटकातून येते आणि जर सुरतेहून. रेशीम धुऊन, रंगवून, वाळवून मग उकलले जाते. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे धागे म्हणजे बाणा. साडीच्या मधल्या भागात बाणा धोट्याने एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हलवताना रंग बदलल्यासारखा वाटतो. त्याला धूपछाव म्हणतात. काठाचा रंग अंगापेक्षा वेगळा ठेवायचा असेल तर दोन्ही काठांना आणि अंगाला वेगवेगळे धोटे लागतात. ही कडियाल पद्धत.

खरे कौशल्य पदरात असते. पदराची जमीन जरीची आणि त्यावरची नक्षी रंगीत रेशमाची. मोर, मुनिया, कमळ, आसावलीची वेल, बांगडीच्या गोलात बसवलेला 'बांगडी मोर' हे नेहमीचे नमुने. या नक्षीसाठी प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर गुंडाळलेला असतो, तिला तिल्ली म्हणतात. आडव्या एका ओळीत मोराची मान हिरवी, पिसारा निळा, भोवती जर असे असेल तर विणकर तेवढ्या भागापुरती ती ती तिल्ली फिरवतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि थांबतो. पुढची ओळ पुन्हा तशीच. एका ओळीत कधी कधी डझनावारी तिल्ल्या लटकत असतात. म्हणून भरगच्च पदराचे काम दिवसभरात बोटभरच पुढे सरकते. साध्या पदराची साडी काही आठवड्यांत होते, तर पूर्ण अंगभर नक्षी असलेल्या साडीला अनेक महिने लागतात, क्वचित वर्षाहूनही अधिक. घरातली दोन-तीन माणसे रेशीम उकलणे, तिल्ल्या भरणे, तुटलेला धागा जोडणे ही कामे वाटून घेतात. साडीच्या किमतीत त्या सगळ्यांची मजुरी असते.

अस्सल पैठणी ओळखायची कशी?

पाहुण्याला ही माहिती असण्याने फरक पडतो, कारण बाजारात हातमागाच्या साडीशेजारी यंत्रमागावरची साडीही तशाच नक्षीने टांगलेली असते. यंत्रमागाची साडी विकत घेण्यात गैर काही नाही. ती स्वस्त असते आणि अनेकांना तीच परवडते. प्रश्न येतो ती हातमागाची म्हणून विकली जाते तेव्हा. त्यात ग्राहक फसतो, आणि महिनोन्महिने मागावर बसलेल्या विणकराला आपल्या साडीची किंमत सांगणे अवघड होते.

ओळखीच्या काही खुणा अशा:

पदर उलटा करून पाहावा. हातमागाच्या पारंपरिक पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, कारण रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरतो. मागच्या बाजूला लांब सुटे धागे किंवा कापलेल्या धाग्यांची दाटी दिसली तर नक्षी वेगळ्या पद्धतीने काढलेली आहे.

नक्षी बारकाईने पाहावी. हाताने विणलेले दोन मोर हुबेहूब एकसारखे नसतात. एखाद्या चोचीत, एखाद्या पानात किंचित फरक राहतो.

किंमत विचारात घ्यावी. हातमागाच्या पैठणीची किंमत कामाप्रमाणे काही हजारांपासून लाखांपर्यंत जाते. भरगच्च पदराची साडी दोन-तीन हजारांत मिळत असेल तर ती हातमागाची नाही.

खुणेची चिठ्ठी आणि पावती मागावी. रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्क अशा दोन वेगळ्या खुणा आहेत. साडी रेशमाची आहे एवढ्याने ती हातमागाची ठरत नाही. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पावतीवर 'हातमाग' असे लिहून घेण्यात संकोच करू नये.

बॅकपॅकरच्या खिशाला साडी परवडेलच असे नाही. पैठणी कापडाचे बटवे, पाकिटे, दुपट्टे मिळतात, पण त्यांनाही हाच नियम लावावा. काहीच न घेता माग पाहून परतले तरी चालते. विणकराशी घासाघीस मात्र विचार करून करावी.

पहिला दिवस, दुपार: मुक्तिभूमी

येवल्यातले दुसरे महत्त्वाचे ठिकाण म्हणजे मुक्तिभूमी. गावात कुणालाही एवढा एक शब्द सांगितला की रस्ता कळतो. इथे काय घडले हे नीट समजायचे तर काही वर्षे मागे जावे लागते.

१९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रहींनी मार खाल्ला, तुरुंगवास सोसला, तरी पाच वर्षांनंतरही मंदिराचे दार उघडले नाही. त्या पार्श्वभूमीवर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात मुंबई इलाख्यातल्या दलित वर्गाची परिषद भरली. सुमारे दहा हजार लोक आले होते. अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. आंबेडकरांनी सांगितले, की हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. ज्यातून काहीही साध्य होत नाही असा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह थांबवावा, असा निर्णयही याच परिषदेत झाला.

या घोषणेचा अर्थ फक्त एका व्यक्तीच्या धर्मापुरता नव्हता. तोवरची मागणी 'आम्हाला आत घ्या' अशी होती. येवल्यानंतर प्रश्न असा झाला, की जिथे माणूस म्हणून जागा नाही तिथे राहायचेच कशाला? देशभर खळबळ उडाली. वेगवेगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी आंबेडकरांशी संपर्क साधला. ३० आणि ३१ मे १९३६ रोजी मुंबईत झालेल्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतरामागची भूमिका सविस्तर मांडली. पण घाई केली नाही. अभ्यास, चर्चा, राजकारण, राज्यघटनेचे काम यांतून वाट काढत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. येवल्याची घोषणा आणि नागपूरची दीक्षा यांत २१ वर्षे आणि एक दिवसाचे अंतर आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीला भेट देणाऱ्या अनेकांना तिची सुरुवात येवल्यात झाली हे ठाऊक नसते.

मुक्तिभूमीवर आज स्मारक आणि स्तूप आहे. दरवर्षी १३ ऑक्टोबरला इथे मोठ्या संख्येने लोक येतात. त्या दिवशी आल्यास हे ठिकाण त्यांच्यासाठी काय आहे ते दिसते. एरवी आल्यास शांतपणे बसून वाचायला वेळ मिळतो. ही श्रद्धेची जागा आहे हे लक्षात ठेवून वावरावे, आणि इथे किमान तासभर द्यावा.

पहिला दिवस, संध्याकाळ: तात्या टोपे आणि जुनी पेठ

तात्या टोपे यांचे मूळ नाव रामचंद्र पांडुरंग. त्यांचा जन्म येवल्यात १८१४ च्या सुमारास झाला. मग त्यांचे नाव कानपूर, ग्वाल्हेरशी कसे जोडले गेले? १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांनी कानपूरजवळच्या बिठूरला पाठवले. त्याच्या आश्रयाने असलेली अनेक मराठी कुटुंबे तिकडे गेली. त्यात टोपे कुटुंब होते. लहानगा रामचंद्र तिथेच नानासाहेबांच्या सहवासात वाढला. १८५७ मध्ये त्याने कानपूरची लढाई लढवली, जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाईंबरोबर ग्वाल्हेर घेतले, आणि ते हातचे गेल्यावर मध्य भारतात महिनोन्महिने इंग्रजी फौजांना हुलकावणी दिली. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला त्यांना फाशी देण्यात आली. त्यांच्या जन्मगावी त्यांचे स्मारक आहे.

त्यानंतरची संध्याकाळ जुन्या पेठेसाठी ठेवावी. अरुंद रस्ते, लाकडी खांबांची जुनी घरे, सराफांची आणि कापडाची दुकाने, मधूनच मागाचा आवाज. खाण्यासाठी मिसळ, भेळभत्ता, भाकरी-भाजी असे साधे पदार्थ सहज मिळतात. आजूबाजूचा मुलूख कांद्याचा. हंगामात बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते. लिलाव सुरू असताना बाजूला उभे राहून पाहिले तर त्या दिवसाच्या भावावर किती घरांचे गणित अवलंबून आहे याचा अंदाज येतो.

दुसरा दिवस, सकाळ: अंकाई-टंकाई

येवल्याहून मनमाडकडे जाताना उजाड माळावर दोन डोंगर खिंडीने जोडलेले दिसतात. हा अंकाई-टंकाईचा जोडकिल्ला. पायथ्याला अंकाई गाव आणि रेल्वे स्थानक आहे. गाडीची वेळ जमली तर रेल्वेने, नाहीतर मनमाडच्या एसटीने रस्त्यावर उतरून चालत पायथा गाठता येतो.

चढण मध्यम आहे आणि सवय असलेल्याला तासाभरात माथा गाठता येतो. वाटेत टंकाईच्या पोटातली जैन लेणी लागतात. दारांवरचे कोरीव काम, खांब आणि छताला कोरलेले कमळ पाहण्यासाठी थांबावे. पुढे खिंडीतून एकामागून एक दरवाजे ओलांडत अंकाईवर जाता येते. माथ्यावर पाण्याचे तळे आहे आणि अगस्ती ऋषींचे स्थान आहे. खानदेशातून गोदावरीच्या खोऱ्यात उतरणारी वाट या किल्ल्यावरून नजरेत राहते, म्हणूनच त्याला महत्त्व होते. १६३५ मध्ये तो मोगलांनी घेतला आणि १८१८ मध्ये लढाई न होता इंग्रजांच्या हाती गेला.

पाणी आणि खाणे बरोबर न्यावे. सावली फार नाही, म्हणून उजाडताच निघावे म्हणजे दुपारपर्यंत मनमाडला पोहोचून परतीची गाडी धरता येते. ज्यांच्याकडे अर्धा दिवस अधिक आहे त्यांना याच तालुक्यातल्या ममदापूरच्या राखीव माळरानावर काळवीट पाहता येतील, मात्र तिथे जायला स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन लागते. येवल्याजवळच्या कोटमगावच्या जगदंबेची यात्रा नवरात्रात भरते.

कधी जावे?

हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे आणि उन्हाळा कडक असतो. फिरण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, आणि पावसाळ्याच्या शेवटी किल्ला हिरवा असतो.

गाव सर्वांत रंगात येते ते संक्रांतीला. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग उडतात. इथे मांजा गुंडाळायच्या चक्रीला 'आसारी' म्हणतात. रेशीम गुंडाळायच्या फिरत्या साधनालाही विणकरांकडे हाच शब्द आहे. गच्चीवर हलकडी वाजत असते आणि पतंग कापला की आरोळी उठते. बाहेरचा पाहुणा दिसला की त्याला गच्चीवर बोलावले जाते आणि त्याच्या हाती तिळगूळ येतो. धोका एकच, नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरीही दरवर्षी त्याने माणसे आणि पक्षी जखमी होतात. या दिवसांत दुचाकीवर बसताना गळ्याला जाड रुमाल बांधावा आणि साधा सुती मांजाच घ्यावा.

रंगपंचमीला इथे रंगांचे सामने होतात. ट्रॅक्टरवर रंगाची पिंपे भरून दोन बाजू समोरासमोर येतात. कॅमेरा आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच जावे.

थोडक्यात दीड दिवसाची आखणी

पहिल्या दिवशी सकाळी विणकरांच्या गल्ल्या आणि एखादा माग, दुपारी मुक्तिभूमी, संध्याकाळी तात्या टोपे स्मारक आणि जुनी पेठ. दुसऱ्या दिवशी पहाटे अंकाई-टंकाई आणि दुपारी मनमाडहून परतीचा प्रवास. खर्चात मोठा वाटा मुक्कामाचा, बाकी एसटी, रिक्षा आणि जेवण.

वेळ कमी पडलाच तर दुकानांचा वेळ कमी करावा, मागाचा करू नये. पदराची एक ओळ भरायला किती वेळ लागतो हे एकदा पाहिलेला माणूस पुढे कुठेही पैठणी घेताना पदर उलटा करून पाहतो आणि किमतीचा आकडा ऐकून लगेच 'एवढी महाग?' असे म्हणत नाही. येवल्याच्या विणकरांना अशा ग्राहकाची गरज आहे.